अण्णा माझ्यावर अवलंबून आहेत, याचा पुरावा

पगाराच्या पावतीवर ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, एक ओळ असते. माझ्या पावतीवर तिच्यापुढे १४९ असायचं. चार वर्षं मी ती ओळ बघून पुढे जात होते. भोसरीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी स्टोअरला आहे. आलेल्या मालाचा चलनाशी मेळ घालायचा, एक नट कमी निघाला तरी टेंपोवाल्याला थांबवून ठेवायचं, हे माझं काम. पण स्वतःचे १४९ कुठे जातात ते मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. दवाखान्याचे कापतात, एवढंच माहीत. पगार १९,८००, त्याचा पाऊण टक्का माझा आणि सव्वातीन टक्के कंपनीचे, म्हणजे आणखी ६४४. महिन्याला आठशेच्या आसपास माझ्या नावावर भरले जात होते आणि मी ताप आला की चौकातल्या डॉक्टरला दोनशे रुपये देऊन येत होते.

२०२५ च्या संक्रांतीला माहेरी गेले. गाव धाराशिव जिल्ह्यात. तुरीची रास नुकतीच झाली होती, पोती ओसरीवर होती. अण्णांनी एका पोत्याला हात घातला आणि दुसरा हात जांघेवर दाबून धरला. तो हात तिथं इतका सवयीने गेला की मी विचारलंच.

"काही नाही, वायू धरतो जरा," म्हणाले.

आई चुलीपासून बोलली, "तीन वर्सं झाली वायू धरायला. आतून पट्टा घालतेत. तुला सांगू नको म्हणले."

हर्निया होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून वर्ष झालं होतं, खर्च साठ-सत्तर हजार. भावाने फुले योजनेचं विचारून बघितलं होतं, पण ज्या दवाखान्यात विचारलं तिथं 'हे आमच्याकडे योजनेत होत नाही' असं सांगितलं. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, तर अण्णा ६८ चे. आणखी दोन वर्षं पट्ट्यावर काढायची आणि मग बघायचं, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत टाइम ऑफिसला गेले. तिथं जे बसतात ते हजेरीपासून ग्रॅच्युइटीपर्यंत सगळं एकट्याने बघतात. सगळी कंपनी त्यांना काका म्हणते.

"काका, माझ्या विम्यात वडिलांना घालता येतं का?"

"येतं की. बाई असो नाहीतर बाप्या, आई-वडील बसतात. बाईला सासू तेवढी बसत नाही."

हे मी आधी एकदा ऐकलं होतं. २०२१ मध्ये कामाला लागले तेव्हा फॉर्मवर घरच्यांची नावं लिहायची होती. मी नवरा, मुलगा आणि सासूबाई अशी तीन लिहिली. काकांनी तिसऱ्या नावावर पेनाने रेघ मारली. आम्ही एका घरात, एका रेशन कार्डावर, एका गॅसवर. नवरा रिक्षा चालवतो, त्याला कसला आलाय विमा. माझ्या पोराला शाळेतून आणणारी, दुपारी जेवू घालणारी तीच बाई. पण १९४८ च्या कायद्यात कामगाराचं कुटुंब म्हणजे नवरा किंवा बायको, मुलंबाळं आणि अवलंबून असलेले आई-वडील. आई-वडील म्हणजे स्वतःचे. सासू-सासऱ्यांचा त्यात उल्लेख नव्हता. काकांनी तेव्हा माझ्या आई-वडिलांचंही विचारलं होतं. "ते गावाला असतात, भाऊ आहे ना," म्हणून मीच सोडून दिलं होतं.

आता काका म्हणाले, "गावाला असले तरी चालतात. फॉर्मवर रकानाच आहे, सोबत राहतात का, नसतील तर कुठे राहतात. राहण्याचा प्रश्न नाही. वडील तुमच्यावर अवलंबून आहेत का?"

"हो."

"मग तसं सिद्ध करा."

जुन्या कॅलेंडरच्या पानामागे त्यांनी लिहून दिलं. दोघांचं सगळ्या मार्गांचं मिळून उत्पन्न महिन्याला ९,००० च्या आत पाहिजे, त्याचा दाखला. मी त्यांची मुलगी असल्याचा पुरावा. दोघांचं आधार, चालू मोबाइल जोडलेलं. आपण मुलीवर अवलंबून आहोत असं वडिलांनी सही करून दिलेलं घोषणापत्र. आणि सगळ्यांचा एकत्र फोटो. "मी ऑनलाइन भरतो. ईएसआयच्या शाखा कार्यालयाने कागद बघायला मागितले तर मात्र तुम्हाला जावं लागेल."

शाखा कार्यालयाने मागितलेच.

आधी नात्याचं सांगते, कारण ते मला सगळ्यात सोपं वाटलं होतं. मी अण्णांची मुलगी आहे असं सांगणारा माझ्याकडचा कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर माझं नाव, अण्णांचं नाव, त्यांचं आडनाव. माझ्या आधारवर वेगळंच नाव, नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव काढायचं. बाया हसतात, करवल्या नाव घे, नाव घे म्हणून मागे लागतात, मजा असते. ते तांदूळ पुढे कुठल्या भातात गेले देव जाणे, नाव मात्र आधारपर्यंत पोचलं. म्हणजे माझ्या दोन कागदांवर तीन-तीन शब्द आणि एकही शब्द जुळत नाही.

विवाह नोंदणीचा दाखला होता, २०१६ मध्ये ग्रामसेवकाकडून काढलेला. तो दिला. परत आला. त्यावर वधूचं माहेरचं नाव असतं आणि वराचं नाव असतं. सासरी तिला कोणत्या नावाने हाक मारतात, ते त्यावर कशाला असेल. खिडकीतल्या मॅडम काही वाईट बोलल्या नाहीत. त्यांनी दाखला आणि आधार शेजारी-शेजारी ठेवून माझ्याकडे फिरवले आणि म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, मी कसं समजायचं?" मला उत्तर देता आलं नाही. पार्ट नंबर जुळला नाही तर मीही माल उतरवून घेत नाही, ड्रायव्हर कितीही शपथा घेऊ दे.

राजपत्रात नाव छापून आणा, नाहीतर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या, असं त्यांनीच सांगितलं. राजपत्राला थांबायची माझी तयारी नव्हती. नोटरीच्या दारातल्या टायपिस्टने नुसत्या स्टॅम्पचे पाचशे सांगितले तेव्हा मी भांडायला उभी राहिले. मला शंभरचा माहीत होता. तो म्हणाला, "ताई, मागच्या ऑक्टोबरपासून शंभर-दोनशेचे बंद. आता पाचशेचाच." रांगेतल्या दोघांनी माना हलवल्या. त्या पाचशेच्या कागदावर टाइप झालं, 'वरील दोन्ही नावे माझीच असून मी एकच व्यक्ती आहे.' नोटरींनी वर न बघता शिक्का मारला. मी एकच व्यक्ती आहे हे ठरायला सगळे मिळून साडेआठशे लागले.

मग ओटीपी. अण्णांच्या आधारला जोडलेला नंबर भावाच्या पहिल्या सिमकार्डाचा. रिचार्ज न केल्यामुळे तो नंबर केव्हाच दुसऱ्या कुणाला गेला होता. काकांनी कंपनीतून ओटीपी पाठवला की तो कुणा परक्याच्या फोनवर वाजायचा. शेवटी काकांनी त्या नंबरावर फोन लावला. सोलापूरकडचा एक पोरगा निघाला, तोच वैतागलेला: "अहो, मला कशाला पाठवताय, माझा काय संबंध?" भाऊ अण्णांना घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रात गेला. फी तेव्हा पन्नास रुपये, काम पाच मिनिटांचं, पण अण्णांचे ठसे उमटेनात. साखर कारखान्यात २६ वर्षं आणि उरलेला सगळा वेळ रानात, बोटांवर रेघा राहिल्याच नव्हत्या. केंद्रातल्या मुलाने ओल्या फडक्याने बोटं पुसली, फुंकर घातली, बोट स्वतःच्या हाताने दाबून धरलं, तेव्हा चौथ्या खेपेला यंत्र हिरवं झालं. भावाने मला तिथूनच फोन केला. "झालं. अण्णा हायेत म्हणं."

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मार्चमध्ये मी दोन दिवसांची रजा टाकून गेले. दाखला मिळतो तहसीलदारांच्या सहीने, पण त्याच्या मुळाशी असतो तलाठ्याचा अहवाल. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, सरकारने पदाचं नाव बदललंय. गावात कुणी म्हणत नाही. गावात ते भाऊसाहेबच.

भाऊसाहेबांनी सातबारा, आठ-अ आणि रेशन कार्ड चाळलं, कोरा फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "किती टाकू?"

ज्यांनी हा दाखला कधी काढला असेल त्यांना हा प्रश्न माहीत असणार. उत्पन्न किती आहे, असं कुणी विचारत नाही. किती टाकू, असंच विचारतात. कुणाला शिष्यवृत्तीला पाहिजे असतो, कुणाला निराधारच्या पगाराला. निराधारला वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं, त्यामुळे आमच्या गावात २१,००० उत्पन्नाची घरं पुष्कळ आहेत.

मी मात्र वही काढली. रात्री एसटीत बसून हिशोब मांडला होता. अण्णांची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफबरोबरची, महिन्याला १,८७०, वर्षाचे २२,४४०. पीएम किसानचे ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,०००. आईला लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, त्याचे १८,०००. शेत दीड एकर कोरडवाहू. सोयाबीन ७ क्विंटल झालं, हमीभाव ४,८९२ होता आणि अडत्याने ४,१०० दिला. बी, खत, फवारणी, मळणी वजा करून सोयाबीन आणि तूर मिळून हातात उरले २०,०००. सगळ्याची बेरीज ७२,४४०. बाराने भागलं तर महिन्याला ६,०३६. दोन माणसं.

भाऊसाहेबांनी वही उलटीसुलटी केली. "एवढा हिशोब तर तहसीलदारसाहेब पण मागत नाहीत. मागच्या दाखल्यावर चाळीस हजार हाय, तेच टाकतो की."

"नको. पेन्शन पासबुकात दिसते. जे आहे ते टाका."

त्यांनी टाकलं. मग पेन थांबवून विचारलं, "पोरगा काय करतो?"

"टेंपो चालवतो."

"मग पोरगा असताना म्हातारा पोरीवर अवलंबून कसा?"

ओट्यावर पाच-सहा माणसं आपापले कागद घेऊन बसली होती. सगळ्यांनी मान वळवली. कायद्यात मुलगा आहे की मुलगी, थोरला की धाकटा, असं काही नाही, हे मी काकांकडून पक्कं करून घेतलं होतं. पण त्या ओट्यावर मला तोंड उघडता येईना. माझा भाऊ खांबाला टेकून फोनकडे बघत होता. त्याने फोन खिशात घातला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, मला विमा नाही. तिला हाय. ल्ह्या."

तिथून आम्ही सेतूत गेलो. अण्णा तिथंच थांबले होते, घोषणापत्रावर सही करायची होती. सेतूतल्या पोराकडे मजकूर तयार असतो, नावं बदलून प्रिंट काढतो. अण्णा सातवी शिकलेले. कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करत नाहीत, कारखान्यातली सवय. चष्मा लावून एकेका शब्दावर बोट ठेवून त्यांनी वाचलं. 'मी माझ्या मुलीवर पूर्णपणे अवलंबून असून' इथं बोट थांबलं.

"पूर्णपणे?"

कुणी काही बोललं नाही.

"दुसरा शब्द नाही का?"

"काका, फॉरमॅट हाय तो," पोरगा म्हणाला.

लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, असं मानणाऱ्या पिढीतले माझे वडील. पाणी पितात, तेवढे सुधारले आहेत, पण भोसरीला आले तर एका रात्रीवर दुसरी रात्र काढत नाहीत. येताना भाकरी-चटणी बांधून आणतात, 'वाटेत खायला' म्हणून, आणि उरलेली आमच्याकडे रात्री खातात. जाताना नातवाच्या मुठीत शंभराची नोट. वर्षाची ज्वारी, तुरीची डाळ, शेंगा यांचं पोतं एसटीच्या पार्सलने येतं. २०१९ मध्ये खोलीचं डिपॉझिट भरायला चाळीस हजार त्यांनीच दिले होते, ते परत घेतले नाहीत. अवलंबून कोण कुणावर, याचा हिशोब मी त्या वहीत मांडला असता तर घोषणापत्र मला लिहून द्यावं लागलं असतं.

त्यांनी पेन घेतलं. सही म्हणजे पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं, खाली रेघ. रेघ जरा जास्तच दाबून मारली, कागदाच्या मागे तिचा वळ उठला होता. मग स्टँडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. स्टँडबाहेर रसवंती होती, तिथं आम्हाला बसवलं, तीन ग्लास सांगितले. भाऊ पैसे द्यायला उठला तर त्याचा हात झटकून टाकला. बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढून पैसे स्वतः दिले आणि सुट्टे मोजून घेतले.

दाखल्याला लोकसेवा हक्क कायद्याने पंधरा दिवसांची मुदत आहे. एकोणिसाव्या दिवशी मेसेज आला. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, मार्च अखेर होती, त्या मानाने लवकरच आला म्हणायचा.

एप्रिलमध्ये सगळे कागद घेऊन पुन्हा शाखा कार्यालयात. या वेळी खिडकीवर वेगळे साहेब. त्यांनी आणखी एक शंका काढली: दाखला अण्णांच्या नावाचा आहे, आईचं उत्पन्न कुठे? मी वही दाखवली, आईचे १८,००० त्यातच धरलेत म्हटलं. वही पुरावा होत नाही म्हणाले. मग तलाठी अहवालाची झेरॉक्स शोधली, त्यात 'पती-पत्नी दोघांचे मिळून' असं लिहिलेलं होतं. ते शब्द भाऊसाहेबांनी स्वतःहून लिहिले होते. ओट्यावर मनातल्या मनात मी त्यांना जे काही म्हणाले होते ते मागे घेतलं.

फोटो राहिला होता. आमच्या शाखेत अजून कुटुंबाचा एकत्र फोटो लागतो, पोस्टकार्डाएवढा. तो कार्डावर चिकटवून त्यावर कंपनीचा शिक्का. मे महिन्यात अण्णा आणि आई आले. चौकातल्या स्टुडिओत आम्ही सगळे गेलो: मी, नवरा, पोरगा, अण्णा, आई. आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. त्या पोराचं नाक पुसायला आणि माझी पर्स धरायला आल्या होत्या.

फोटोवाल्याने खुर्च्या मांडल्या, म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवलं. मागे निळा पडदा. कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "आजी, तुम्ही पण या ना. इथं जागा आहे, यांच्या शेजारी."

आत्या दारापाशी उभ्या होत्या, पर्स पोटाशी धरून. "माझं नाव नाही त्यात," म्हणाल्या. "तुम्ही काढा."

माझी आई खुर्चीतून अर्धवट उठली. तिला वाटलं आपण कुणाच्या तरी जागेवर बसलोय. आत्यांनीच तिला हाताने खूण करून खाली बसवलं. फोटोत आईचा चेहरा त्यामुळे तसा आलाय, उठू की बसू असा. कार्डावर तोच आहे. नवरा फोटोवाल्याला म्हणाला, "झाल्यावर एक सगळ्यांचा काढा, घरासाठी." तोही काढला. त्यात आत्या मधोमध आहेत आणि पोरगा त्यांच्या मांडीवर, नऊ वर्षांचं घोडं, पण मांडीवर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकांनी मला बोलावून ई-पहचान कार्ड हातात दिलं. कार्ड म्हणजे साध्या कागदावरची प्रिंट. माझा दहा आकडी विमा क्रमांक, खाली तक्ता. नवरा, मुलगा, मग 'अवलंबित वडील', 'अवलंबित आई'. संक्रांतीपासून जून. कागदांचा, नोटरीचा, येण्या-जाण्याचा खर्च धरून अडीच हजारांच्या आत बसला. एसटीने त्यात मदत केली: अण्णा ज्येष्ठ म्हणून, आई आणि मी बायका म्हणून, तिघंही अर्ध्या तिकिटात.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही, आणि ते बरंच आहे. आधी ईएसआयच्या दवाखान्यात नाव लावलं, तिथून मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी. दोन हेलपाटे तपासण्यांचे, एकदा सोनोग्राफीचं मशीन बंद, एकदा भूल देणारे डॉक्टर रजेवर. जुलैत ऑपरेशन झालं. अण्णा चार दिवस वॉर्डात होते आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी कारखान्याच्या गप्पा मारत होते. सोडायच्या दिवशी मला म्हणाले, "बिल किती झालं?"

"काही नाही."

"असं कसं काही नाही?"

गावाहून निघताना तुरीचे पंधरा हजार आईच्या पिशवीत तळाशी कापडात गुंडाळून आणले होते. त्यांनी ते काढायला लावले. मी त्यांना पगाराची पावती दाखवली, ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली. "दर महिन्याला कापतेत?" चार वर्षांपासून, म्हटलं. मग बोटांवर हिशोब केला बराच वेळ. "सात हजार झाले तुझे," म्हणाले, आणि पिशवी बांधायला सांगितली. त्यातले दोन हजार पोराच्या दप्तरात सापडले, ते गेल्यावर.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणांना ती माहीत नसते. या विम्याला पगाराची मर्यादा २१,००० आहे, जानेवारी २०१७ पासून तीच. एप्रिलच्या वाढीत माझा पगार २०,७०० झाला. पावतीवर आता १५६ असतात. पुढच्या वाढीत मी मर्यादेच्या बाहेर जाणार. ओव्हरटाइम त्या २१,००० मध्ये धरत नाहीत, पण १९४८ च्या कायद्यात ओव्हरटाइमवर कापायचे मात्र. आणि पगार एप्रिलनंतर मध्येच वाढला तर सप्टेंबर संपेपर्यंत कपात चालू राहते, त्या सहा महिन्यांचा लाभ पुढच्या वर्षी जूनअखेरपर्यंत मिळतो. आमच्या कंपनीत २०,९०० वर तीन जण आहेत आणि तिघांच्याही घरी कुणाचं तरी औषध चालू आहे. पगारवाढ द्या म्हणून भांडणारी माणसं मी पुष्कळ बघितली. काकांच्या टेबलापाशी उभं राहून, 'यंदा दोनशेच करा, बाकीचे कशात तरी दाखवा,' असं हळू आवाजात म्हणणारी आता बघते. काका म्हणतात, तसं करता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ ला नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. दोन दिवसांनी काकांनी मला हाक मारली. टेबलावर प्रिंट होती, एका ओळीखाली पेनाने रेघ. कुटुंबाच्या व्याख्येत अवलंबित आई-वडील, आणि कंसात: महिला कर्मचाऱ्याच्या सासू-सासऱ्यांसह. काकांनी २०२१ मध्ये माझ्या फॉर्मवर मारलेली रेघ त्यांना आठवत होती. "उत्पन्नाचा दाखला लागेल त्यांचाही," म्हणाले. "काढायला घ्या."

संध्याकाळी घरी सांगितलं. आत्या मेथी निवडत होत्या. उत्पन्नाचं ऐकून हसल्या, म्हणाल्या, "माझं शून्य टाक, हिशोबच नको." मग मी घोषणापत्राचं सांगितलं, सुनेवर अवलंबून असल्याचं लिहून द्यावं लागेल म्हणून. त्या काही बोलल्या नाहीत, दोन-चार काड्या निवडल्या.

"फोटो परत काढायला लागंल का गं?"

"लागेल बहुतेक."

"मग त्या फोटोवाल्याला विचार. सगळ्यांचा काढला होता तो त्याच्याकडं असंल. नाहीतर तुझ्या आई-बापाला परत एवढ्या लांबून यावं लागंल."